मॉड्युलर सिंथच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल कसं असावं? (मावशीला चाळीस मिनिटांत आवाज काढता आला नाही)

उलटा_तंबोरा | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

व्हीसीव्ही रॅक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, २०१७ पासून. खरा मॉड्युलर सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर काढणारं वाद्य) म्हणजे ती चौकट, त्यात शेजारी शेजारी स्क्रूने बसवलेले डबे आणि समोर वायरींचं जंजाळ. ते सगळं स्क्रीनवर. प्रत्येक डबा एकच काम करतो, एक सूर काढतो, एक तो गाळतो, एक लहानमोठा करतो. वायरी आपण जोडायच्या. नाही जोडल्या तर शांतता.

आमच्या एका मित्राने यासाठी तंबोऱ्याचं मॉड्यूल, म्हणजे असाच एक डबा, केलंय. चार तारा, प्रत्येकीचा सूर वेगळा लावता येतो, जवारीचा एक नॉब. चांगलं वाजतं. मॅन्युअल लिहायचं काम माझ्याकडे आलं कारण मला सी प्लस प्लस येत नाही आणि मराठी येतं. मी चौदा पानं लिहिली. मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

मग नौपाड्यात मावशीकडे गेलो. मावशी पस्तीस वर्षं पेटी शिकवते, कान असा की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी कुठल्या स्वरात आहे सांगेल. लॅपटॉप दिला, छापलेलं मॅन्युअल दिलं आणि म्हटलं मी इथे बसतो पण बोलणार नाही. पहिलं पान तिने पूर्ण वाचलं. दुसऱ्यावर 'व्होल्ट पर ऑक्टेव्ह इनपुटला पिच सीव्ही द्या' असं होतं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "सीव्ही म्हणजे बायोडेटा ना रे? तो इथे कशाला?" (इथे सीव्ही म्हणजे कंट्रोल व्होल्टेज, डब्याला हुकूम देणारा व्होल्ट.)

मी गप्प. चाळीस मिनिटं झाली. तिने सहा वायरी जोडल्या होत्या, त्यातल्या चार बरोबर होत्या. आवाज शून्य. कारण ऑडिओच्या डब्यावर टिचकी मारून लॅपटॉपचा स्पीकर निवडायचा असतो हे मी पान अकरावर लिहिलं होतं.

तर प्रश्न असा की चांगलं मॅन्युअल म्हणजे नक्की काय? ज्यांनी असल्या प्रकारची सॉफ्टवेअर्स वापरलीत किंवा कसलीही मॅन्युअलं लिहिलीत त्यांनी कृपया लिहा. चौदा पानांतलं काय फाडून टाकू?

---

गेट_उघडा | शनिवार, रात्री ११:०२

सगळंच फाडा. मॅन्युअल कोण वाचतं राव. नॉब फिरवा, कळतं.

---

नुसताच_वाचक | शनिवार, रात्री ११:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बायोडेटा :ड

---

वायरमन_महापे | रविवार, सकाळी ७:५०

सिंथमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मॅन्युअलमधलं कळतं. महापे एमआयडीसीत अठरा वर्षं पॅकिंग मशीनची मॅन्युअलं लिहितोय.

पहिली गोष्ट. मशीन नीट चालत असताना मॅन्युअल कोणीही उघडत नाही. ते उघडलं जातं तेव्हा लाइन बंद असते, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो आणि ऑपरेटरच्या हाताला ग्रीस लागलेलं असतं. त्याला मशीनचा इतिहास नको असतो, लाल दिवा का लुकलुकतोय ते हवं असतं. आमच्याकडे खरं वापरलं जाणारं मॅन्युअल म्हणजे लॅमिनेट केलेलं एक कार्ड, सुतळीने मशीनलाच बांधलेलं. दोनशे पानी फाइल कपाटात असते, कपाटाची किल्ली स्टोअरवाल्याकडे आणि स्टोअरवाला जेवायला.

दुसरी गोष्ट, जी मी मार खाऊन शिकलो. एका मॅन्युअलमध्ये मी लिहिलं होतं, 'सिलिंडर होम पोझिशनला असल्याची खात्री करा.' व्याकरण शुद्ध, माहिती अचूक. तीन महिन्यांत दोनदा तोच भाग वाकला. विचारायला गेलो तर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, खात्री केली की. पण होम म्हंजे कसं दिसतं?" मग बदलून लिहिलं, 'दांडा पूर्ण आत गेला पाहिजे, दांड्यावरची काळी खूण दिसता कामा नये.' त्यानंतर वाकला नाही.

तुमच्या मावशींनी चार वायरी बरोबर जोडल्या म्हणता. त्या बरोबर आहेत हे त्यांना कळायला काही होतं का?

---

उलटा_तंबोरा | रविवार, सकाळी ९:१५

वायरमनकाका, दंडवत. नाही, काहीच नव्हतं. 'आता तुम्हाला अमुक दिसेल' असं एकही वाक्य चौदा पानांत नाही. आत्ता शोधून पाहिलं.

---

ऐरोलीकरीण | रविवार, सकाळी ११:२०

माझी रोजीरोटीच ही. ऐरोलीत एका आयटी कंपनीत टेक्निकल रायटर आहे, म्हणजे आईच्या भाषेत 'कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करते'.

डॅनिएले प्रोचिदा म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार सांगितलेत आणि ते आमच्या धंद्यात आता बरेच जण मानतात. एक हात धरून शिकवणारं, नवख्यासाठी. दुसरं 'अमुक कसं करू' याचं उत्तर देणारं, ज्याला थोडं येतं त्याच्यासाठी. तिसरं नुसती माहिती, कोशासारखी. चौथं 'असं का' ते समजावणारं, निवांत वाचायचं. घोळ होतो तो चारही एकाच पानावर कोंबले की. तुमच्या दुसऱ्या पानावर पैज लावून सांगते की वर वायर जोडायची कृती आहे, मध्ये व्होल्टचा तक्ता आहे आणि खाली एक व्होल्टला एक सप्तक हे का ठरलं त्याचा निबंध आहे.

---

उलटा_तंबोरा | रविवार, सकाळी ११:३१

ताई तुम्ही माझं पान पाहिलंय का?

---

ठेका_दादरा | रविवार, दुपारी १:४८

चार प्रकार वगैरे ठीक आहे हो, पण चार पानांचं मॅन्युअल लिहिणाऱ्याने चार फोल्डर करायचे म्हणजे खिचडी खायला चार वाट्या. हलके घ्या.

मी तबलेवाला, खारघर. रॅकमध्ये गेलं वर्षभर तीनतालाचा ठेका बसवायचा खटाटोप चालू आहे. एक किस्सा सांगतो, मॅन्युअलचाच आहे. सोळा मात्रांचा सिक्वेन्सर (क्लॉकच्या दर ठोक्याला एक मात्रा पुढे सरकणारा डबा) लावला, दर आवर्तनाला एक रीसेट पाठवला म्हणजे समेवर परत यावं. तर समच खाल्ली जायची! थेट दुसऱ्या मात्रेवर. कधी बरोबर यायचा, कधी नाही. दोन रात्री गेल्या. बायको म्हणाली खरा तबला आहे ना घरात.

कारण नंतर कळलं. रॅकमध्ये सिग्नल एका वायरीतून जायला एका सॅम्पलचा उशीर होतो. माझा क्लॉक रीसेटपेक्षा एक डबा जास्त फिरून येत होता, म्हणजे रीसेट आधी पोचायचा, सिक्वेन्सर पहिल्या मात्रेवर जायचा आणि मागोमाग क्लॉक आला की पुढे सरकायचा. सेकंदाच्या चव्वेचाळीस हजाराव्या भागासाठी सम गेली. रॅकने मॉड्यूल बनवणाऱ्यांसाठी जे पान ठेवलंय त्यात हे स्वच्छ लिहिलंय, रीसेटनंतर १ मिलिसेकंद क्लॉककडे दुर्लक्ष करा म्हणून. ज्याने तो सिक्वेन्सर बनवला त्याने ते केलं नव्हतं. बरं नाही केलं तर नाही, पण त्याच्या मॅन्युअलमध्ये एक ओळ असती 'क्लॉक आणि रीसेट सारख्याच अंतरावरून आणा' तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या. त्याच्या मॅन्युअलमध्ये काय होतं? 'क्लॉक: क्लॉक इनपुट. रीसेट: रीसेट इनपुट.' अरे बाबा ते डब्यावरच लिहिलंय की!

---

नुसताच_वाचक | रविवार, दुपारी १:५५

'दार: दार आहे.' लोल

---

पीडी_वाला | रविवार, दुपारी ३:३०

ठेका_दादरा यांनी खरं दुखणं सांगितलं. मॅन्युअल एकेका डब्याचं असतं आणि भानगड नेहमी दोन डब्यांच्या मध्ये असते. आवाज कुठल्याच एका डब्यात नाहीये, तो वायरींत आहे. एकेका डब्याचं वर्णन कितीही सुंदर लिहा, घोड्याचं, चाकाचं आणि लगामाचं वेगवेगळं वर्णन वाचून टांगा हाकता येत नाही.

यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय प्युअर डेटामध्ये आहे. मिलर पकेटचं फुकट सॉफ्टवेअर, नव्वदच्या दशकातलं. त्याआधी ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत त्यानेच मॅक्स नावाचं तसलंच सॉफ्टवेअर केलं होतं. यात कुठल्याही डब्यावर राइट क्लिक करून हेल्प म्हटलं की जे उघडतं ते पान नसतं, तो स्वतः एक चालणारा पॅच (वायरींनी जोडलेले डबे) असतो. तोच डबा, योग्य जागी जोडलेला, बाजूला दोन ओळी मजकूर, आणि आकडा ओढला की लगेच ऐकू येतं. मोडा, तोडा, हवा तेवढा तुकडा कॉपी करून आपल्या पॅचमध्ये आणा. दिसायला म्हणाल तर पांढऱ्यावर काळे चौकोन, भिकार. पण मी सिंथेसिस जे काही शिकलो ते त्या चौकोनांतून.

उलटा_तंबोरा, तुमच्या मॉड्यूलसोबत एक तयार पॅचची फाइल द्या. उघडली की तंबोरा वाजलाच पाहिजे. मग मॅन्युअलचं पहिलं वाक्य 'ही फाइल उघडा' एवढंच.

---

गेट_उघडा | रविवार, संध्याकाळी ६:१०

वर मी 'सगळंच फाडा' म्हटलं ते अर्धं गमतीत होतं, आता सीरियसली लिहितो.

तुम्ही सगळे मावशींना धरून बसलात. तंबोऱ्याचं मॉड्यूल बहुतेक वेळा माझ्यासारखा माणूस डाउनलोड करणार ज्याच्याकडे आधीच दोनशे मॉड्यूल्स आहेत. मला हात धरून कोणी शिकवायला लागलं की चिडचिड होते. मला हवेत आकडे. कुठल्या भोकात किती व्होल्ट चालतात. रॅकमध्ये साधारण ठरलेलं आहे, आवाज उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट, गेट १० व्होल्ट, ट्रिगर १० व्होल्टचा १ मिलिसेकंद, शून्य व्होल्ट म्हणजे मधला सी, २६१.६३ हर्ट्झ. तुमचं मॉड्यूल यातून कुठे वेगळं वागतं तेवढंच सांगा. सोळा चॅनलची पॉलिफोनिक वायर (एकाच वायरीतून अनेक सूर नेणारी) लावली तर सोळा तंबोरे वाजणार की पहिलंच चॅनल घेणार? हे कोणी लिहीत नाही आणि नेमकं हेच मला रात्री दोन वाजता हवं असतं.

आणि मित्राला सांगा की कोडमध्ये प्रत्येक नॉबला आणि भोकाला नाव द्या. रॅक दोनपासून माउस नेला की भोकाचं नाव आणि आत किती व्होल्ट आहेत ते दिसतं, पण नाव बनवणाऱ्याने दिलं तरच. नाहीतर नुसता नंबर. माझ्या मते ती माउसखालची पट्टी हेच खरं मॅन्युअल, बाकीची पीडीएफ म्हणजे लग्नाचा अल्बम. वायरमनकाकांचं सुतळीने बांधलेलं कार्ड म्हणतात ते हेच.

---

वायरमन_महापे | रविवार, संध्याकाळी ६:४५

हे पटलं बुवा.

---

मासुंदा | रविवार, रात्री ९:००

थोडं अवांतर, पण जवळचंच.

आपल्याकडे हे सगळं अमेरिकेतून यूट्यूबवाटे आलं असं अनेकांना वाटतं. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मूग या अमेरिकी कंपनीचा खराखुरा मॉड्युलर सिंथ बसवला गेला होता. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने तो स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई अशा मंडळींनी १९७२ पर्यंत त्यावर काम केलं. त्या टेप्स कित्येक वर्षं संस्थेतच पडून होत्या, अगदी अलीकडे पॉल पर्गस यांनी त्या धुंडाळून बाहेर आणल्या.

मला नेहमी वाटतं, ट्यूडर परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यंत्रासमोर जो कोणी पहिला बसला असेल त्याने काय केलं असेल? फोन करून विचारायची सोय नाही, यूट्यूब नाही. वायर जोडायची, ऐकायचं, वहीत लिहून ठेवायचं. मॉड्युलरला सेव्हचं बटन नसतं. वायरी काढल्या की तो आवाज गेला. म्हणून जुन्या लोकांकडे पॅचशीट असायची, डब्यांची छापील रेखाकृती, तिच्यावर पेनने वायरी काढायच्या आणि नॉबच्या गोलात काटा. माझ्या मते या प्रकारातलं पहिलं खरं डॉक्युमेंटेशन ते. कंपनीने नाही, वाजवणाऱ्याने लिहिलेलं.

---

पीडी_वाला | रविवार, रात्री ९:२०

मासुंदाकाका, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. कंपन्यांनीही कधीकधी चांगलं केलंय. एआरपी २६०० या १९७१ च्या सिंथचं मॅन्युअल लोक आजही पाठ्यपुस्तकासारखं वाचतात, सिंथ नसलेलेसुद्धा.

---

दोनच_रंग | सोमवार, सकाळी ८:३५

ट्रान्स हार्बरवरून लिहितोय, रबाळे गेलं.

स्क्रीनशॉटबद्दल कोणीच बोललं नाही. मॅन्युअलमध्ये पॅचचा फोटो असतो आणि त्याच्यावर वायरींचा असा पडदा असतो की खालची अक्षरंच दिसत नाहीत. रॅकच्या व्ह्यू मेनूत वायरींचा गडदपणा कमी करता येतो, दोन सेकंदांचं काम, फोटो काढायच्या आधी तेवढं करा. आणि 'लाल वायर इथे, हिरवी तिथे' असं तर मुळीच लिहू नका. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. शब्दांत लिहा, 'तंबोऱ्याच्या आउटमधून ऑडिओच्या पहिल्या भोकात'. हे ओळीने लिहिलेलं असलं की सर्चही करता येतं.

दुसरं, व्हिडिओ. कृपया 'व्हिडिओ पाहा' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यात पहिली चार मिनिटं नमस्कार मित्रांनो आणि मला हवा असलेला नॉब एकतिसाव्या मिनिटाला दीड सेकंद.

---

गेट_उघडा | सोमवार, सकाळी ९:०५

ट्रेनवरून आठवलं. 'नॉब फिरवा, कळतं' म्हणणाऱ्या मला नॉबनेच अद्दल घडवली आहे. घणसोली ते कोपरखैरणेच्या मध्ये हेडफोन लावून फिल्टरचा रेझोनन्स आणि डिलेचा फीडबॅक एकदम वर नेला. जी काही किंचाळी आली ती समोरच्या बाईंनाही ऐकू आली, त्यांनी पर्स छातीशी धरली. माझ्या कानात वाशीपर्यंत शिट्टी वाजत होती. तेव्हा मॅन्युअलच्या पहिल्या पानावर, फाइल उघडायच्याही आधी, 'आवाज आधी कमी करा' हे पाहिजे. यात मी कट्टर आहे.

---

ऐरोलीकरीण | सोमवार, दुपारी १:१०

+१. धोक्याची सूचना ज्या कृतीची आहे तिच्या आधी यायला हवी, नंतर नाही. 'वायर जोडा. सूचना: त्याआधी आवाज कमी केलेला असावा.' गेले ना कान.

भाषेचं काय ठरवलंय तंबोरावाले? इंग्रजी शब्द ठेवणार की मराठीकरण?

---

उलटा_तंबोरा | सोमवार, रात्री ८:५०

तिथेच तर अडलोय. पहिल्या खर्ड्यात सगळं मराठी केलं होतं. ऑसिलेटरला (सूर काढणारा डबा) 'आंदोलक', फिल्टरला 'गाळणी', एन्व्हलपला 'लिफाफा'.

---

नुसताच_वाचक | सोमवार, रात्री ८:५२

आंदोलकांना गाळणीतून घालवून लिफाफा दिला की आंदोलन मागे.

---

ठेका_दादरा | सोमवार, रात्री ८:५८

आवरा रे याला. (एक रुपया वर ठेवलाय ना लिफाफ्यात?)

---

ऐरोलीकरीण | सोमवार, रात्री ९:३०

हसून झालं. आता काम. डब्यावर जो शब्द छापलाय तोच मॅन्युअलमध्ये हवा, अक्षर न बदलता. वाचणारा कागदावरून नजर उचलून स्क्रीनवर तो शब्द शोधणार असतो, तिथे 'गाळणी' कुठेच नाहीये. तेव्हा नावं पॅनलवरची आणि समजावणं मात्र आपल्या घरातलं. फिल्टर म्हणजे काय हे सांगताना गाळणी आणा की, कोणी अडवलंय.

---

उलटा_तंबोरा | बुधवार, रात्री १०:१५

मंडळी, अपडेट. मावशीकडे परत गेलो, मॅन्युअल न घेता. तिला म्हटलं मी तोंडाने सांगतो, तू तुझ्या शब्दांत मला परत सांग. मी म्हटलं, एक वायर कुठला सूर ते सांगते, दुसरी सूर आत्ता चालू की बंद ते सांगते आणि तिसऱ्या डब्यात तो किती मोठा ते ठरतं. ती दोन सेकंद थांबली आणि पेटी पुढे ओढून म्हणाली, "म्हणजे कुठली पट्टी, ती दाबली की नाही, आणि भाता. एवढंच ना?"

चौदा पानं लिहिली होती मी. व्होल्ट पर ऑक्टेव्ह म्हणजे कुठली पट्टी, गेट म्हणजे दाबली की सोडली, व्हीसीए (सूर लहानमोठा करणारा तो तिसरा डबा) म्हणजे भाता. हे तिचं वाक्य जसंच्या तसं पान एकवर टाकतोय.

---

पीडी_वाला | बुधवार, रात्री १०:४०

सुंदर. फक्त एक खडा बाजूला काढा. पेटीत पट्टी सोडली की सूर थांबतो. इथे ऑसिलेटर कधीच थांबत नाही, पट्टी सोडली तरी तो आत वाजतच असतो, भात्याने फक्त दार लावलेलं असतं. नवीन माणूस नेमका इथे फसतो, ऑसिलेटरची वायर थेट ऑडिओला लावतो आणि 'बंदच होत नाही' म्हणून घाबरतो. मावशींकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल ना? तो चालू आहे आणि आवाजाचं चाक शून्यावर, तसं. उपमा द्या, पण ती कुठे संपते तेही सांगा.

---

उलटा_तंबोरा | बुधवार, रात्री ११:०५

लिहून घेतलं. आता दुसरा भाग, यात मला खरंच मदत हवी आहे.

पॅच तयार करून ठेवला होता, त्यामुळे तंबोरा लगेच लागला. मावशी खूश. मग कीबोर्डच्या डब्याने तिने त्यावर सा रे ग म वाजवायला घेतलं आणि ग ला थबकली. "ग चढा आहे." परत वाजवला. "चढा आहे रे, तुमचं मशीन बिघडलंय." मित्राला फोन केला. तो म्हणाला, एक व्होल्टचे बारा सारखे भाग केलेत, ग म्हणजे चार भाग, ०.३३३३ व्होल्ट, कोडमध्ये चूक नाही.

दोघंही बरोबर आहेत. तंबोऱ्याला ग ची तार नसते पण खर्जाच्या तारेतून तो आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार. तो मूळ कंपनाच्या पाचपट, म्हणजे सप्तकात खाली आणला की ५/४. व्होल्टमध्ये ०.३२१९. कीबोर्डचा ग त्यापेक्षा साधारण १४ सेंट वर, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ सातवा हिस्सा. दोन ग एकमेकांवर घासतात आणि मावशीच्या कानाला ते टोचतं.

आता हे मॅन्युअलमध्ये कुठे घालू? ही मॉड्यूलची चूक नाही, आणि समजावायला गेलो तर परत निबंध होतोय.

---

मासुंदा | गुरुवार, सकाळी ६:४०

हा अख्ख्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. निबंध असू दे, शेवटच्या पानावर असू दे. ज्याला गोडी आहे तो वाचेल. पण घालाच. तंबोऱ्यासारखा अखंड सूर धरणाऱ्या विदेशी 'ड्रोन' मॉड्यूलच्या मॅन्युअलमध्ये हे सापडणार नाही, कारण तिथल्या माणसाला ग चढा वाटेलच असं नाही.

---

वायरमन_महापे | गुरुवार, सकाळी ७:३०

दोन्हीकडे घाला. शेवटच्या पानावर तुमचा निबंध. आणि पुढे अडचणींच्या तक्त्यात एक ओळ. डावीकडे वापरणाऱ्याचे शब्द, जसे तोंडातून आले तसे: 'ग चढा आहे, मशीन बिघडलंय.' उजवीकडे: 'बिघडलेलं नाही. ग चा सूर १४ सेंट खाली घ्या. कारण शेवटच्या पानावर.' डावीकडे 'इक्वल टेम्परामेंटमुळे होणारी विसंगती' असं काही लिहाल तर ज्याला ते शब्द येतात त्याला तक्त्याची गरजच नाही आणि ज्याला गरज आहे त्याला ती ओळ सापडणार नाही.

तक्त्याची डावी बाजू ऑफिसात बसून लिहिता येत नाही, हा माझा अनुभव आहे. ती शॉपफ्लोअरवरून उचलून आणावी लागते. तुमचा शॉपफ्लोअर नौपाड्यात आहे.

---

गेट_उघडा | गुरुवार, सकाळी ९:२०

आणि रॅकमध्ये नॉबवर राइट क्लिक केलं की आकडा टाइप करता येतो हेही त्याच ओळीत लिहा. १४ सेंट माउसने कोण लावणार. (मावशींपुढे मी माझा मुद्दा मागे घेतोय, अर्धा.)

---

दोनच_रंग | गुरुवार, सकाळी ९:२४

कुठला अर्धा?

---

गेट_उघडा | गुरुवार, सकाळी ९:२५

व्होल्टचा तक्ता तरीही हवाच.

---

ऐरोलीकरीण | गुरुवार, दुपारी २:००

हवाच, वेगळ्या पानावर. आणि सगळ्यात वर मॉड्यूलचा व्हर्जन नंबर आणि तारीख टाका. नॉब एकदा इकडचा तिकडे गेला की जुनं मॅन्युअल वाचणारा माणूस स्वतःला वेडा समजायला लागतो.

---

उलटा_तंबोरा | पुढचा रविवार, रात्री ९:५०

मंडळी, झालं. पाच पानं. पहिल्यावर 'आवाज कमी करा, ही फाइल उघडा, ऑडिओच्या डब्यावर टिचकी मारून स्पीकर निवडा, आता आवाज हळूहळू वाढवा, चार तारा एकामागून एक ऐकू आल्या पाहिजेत.' त्याखाली मावशीचं भात्याचं वाक्य आणि त्याची मर्यादा. दुसऱ्यावर अडचणींचा तक्ता, अकरा ओळी, त्यातल्या सात शब्दशः मावशीच्या, 'सीव्ही म्हणजे बायोडेटा का' ही पण एक. तिसरं गेट_उघडा यांचं व्होल्टचं पान (पॉलिफोनिक वायरीतलं पहिलंच चॅनल घेतं, विचारून घेतलं). शेवटची दोन गंधाराची.

आज परत मावशीपुढे ठेवलं. मी गप्प. सहा मिनिटांत तंबोरा सुरू. त्यातली तीन मिनिटं चष्मा शोधण्यात गेली.

मग डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "हा काळी एकला का लागलाय? मी काळी चारला गाते. एवढ्या सगळ्या बाया गाणं शिकतात, त्यांना दर वेळी बदलायला लावणार का?"

---

ठेका_दादरा | पुढचा रविवार, रात्री ९:५८

बाणच मारला. मित्राला सांगा डिफॉल्ट बदलायला. नाहीतर पहिल्यांदा उघडताना पट्टी विचारा म्हणावं.

---

उलटा_तंबोरा | पुढचा रविवार, रात्री १०:३०

आत्ताच फोन केला. तो म्हणतो कोडमध्ये एका आकड्याचा बदल आहे, पाच मिनिटांचं काम, पण मग मॅन्युअलमधले सगळे स्क्रीनशॉट मला परत काढावे लागतील.

उद्या काढतो. वायरी फिक्या करून.